अवतरणचिन्हांतली नावे

पुण्याच्या बिबवेवाडीतल्या सभागृहाला लोकशाहीर अण्णाभाऊ साठ्यांचे नाव आहे. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली निघाली. आता दोन वाक्ये पाहा. “अण्णाभाऊंचा फकिरा अन्यायापुढे वाकला नाही” आणि “अण्णाभाऊंची फकिरा कालच वाचून संपवली”. पहिल्या वाक्यात माणूस आहे, दुसऱ्यात पुस्तक. बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही. ‘वाचली’ म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात ‘कादंबरी’ हा शब्द भरून घेतो. ‘श्यामची आई’ वाचलं म्हटलं की साने गुरुजींचे १९३५ सालचे पुस्तक आणि पाहिला म्हटलं की आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट, हे घराघरात समजते. न उच्चारलेल्या नामाचे लिंग क्रियापदाला लावून मराठी माणूस कलाकृतीचे नाव ओळखीचे करतो.

कागदावर मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे आवाज नाही, हातवारे नाहीत आणि देवनागरीत मोठ्या-लहान लिपीचा भेदही नाही. मग पुस्तकाचे, नाटकाचे, वर्तमानपत्राचे नाव मजकुरातून वेगळे काढायचे कसे? आज आपण सहज दोन बाजूंना दोन एकेरी चिन्हे लावून मोकळे होतो. ही सवय मराठीला लागून पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत आणि ती लागण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

पोथीच्या काळी ग्रंथाचे नाव शोधायचे तर शेवटचे पान उलटावे लागे. प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस ‘इति’ने सुरू होणारी पुष्पिका असे. तीत ग्रंथ कोणता, कर्ता कोण, अध्याय कितवा हे येई. नकल करणारा लेखक पुढे शके आणि मिती घाली, कधी आपले गाव लिही. मजकूर काळ्या शाईत, पण पुष्पिका आणि श्लोकांच्या शेवटचे दंड पुष्कळदा हिंगुळाने लाल केलेले किंवा गेरूने रंगवलेले असत. ग्रंथनाम उठून दिसावे यासाठी रंग वापरण्याची सोय आपल्याकडे होती. अर्थात ती ग्रंथाने स्वतःची ओळख सांगण्यापुरती. एका ग्रंथात दुसऱ्याचे नाव आले तर त्याला रंग मिळत नसे.

काही कर्ते शेवटपर्यंत थांबत नसत. ‘दासबोधा’च्या पहिल्याच समासात श्रोते ग्रंथाची चौकशी करतात आणि समर्थ तिथेच त्याचे नाव सांगून टाकतात. उलट ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव लोकांनी कर्त्यावरून पाडले. परंपरेतले नाव ‘भावार्थदीपिका’. नाव लोकांच्या तोंडी इतके पक्के असे की त्याला खुणेची गरज भासत नसे.

मोडीची तऱ्हा आणखी वेगळी. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढी आणि मग बोरूने त्यांना अक्षरे लटकवीत जाई. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपले याची खूण नसे. वाचणाऱ्याला विषय ठाऊक असे, त्यामुळे अडत नसे. अशा सलग मजकुरात ग्रंथाचा उल्लेख करायचा तर एकच सोय होती: नावाला जातिवाचक शब्द जोडायचा. ‘अमुक नामे ग्रंथ’, ‘अमुक पोथी’, ‘अमुक बखर’. ही सोय आजही आपण वापरतो. “‘स्वामी’ ही कादंबरी”, “‘सौभद्र’ हे नाटक” अशी जी आपली ठरलेली रचना आहे, तिने चिन्हे नसतानाच्या काळातही हेच काम केले आहे.

छपाई आली तरी सुरुवातीला हे चित्र फारसे बदलले नाही. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला छापले गेले. तिथूनच पुढे ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ ही पुस्तके मोडी ठशांत निघाली. मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. यंत्र नवे होते, वाचक जुनाच होता. पोथी वाचायला बसणाऱ्या माणसाला छापील पोथीही पोथीसारखीच दिसायला हवी होती.

खरी तफावत दिसली ती ६ जानेवारी १८३२ रोजी. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. एका पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी आणि एक मराठी. इंग्रजी स्तंभ जुळवणाऱ्याच्या हाताशी नाव वेगळे दाखवायची तीन साधने होती: मोठी अक्षरे, तिरपी अक्षरे आणि अवतरणचिन्हे. तिरप्या अक्षरांचा जन्म व्हेनिसचा. आल्दुस मानुतियस या मुद्रकाने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य त्या ठशात छापले. पुढे युरोपात पुस्तकांच्या नावांसाठी ती अक्षरे राखली गेली. शेजारच्या मराठी स्तंभाकडे मोठी अक्षरे नव्हती आणि तिरपीही नव्हती. उरली अवतरणचिन्हे. ती मराठीत आणून रुजवण्याचे काम पुण्यात व्हायचे होते.

मेजर थॉमस कँडी १८२२ साली कंपनी सरकारच्या लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते आणि त्यांचा जुळा भाऊ जॉर्ज हे दोघेही होते. १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पुरा केला. विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचा कारभार १८३७ पासून त्यांच्याकडे आला आणि पुढे सरकारी मराठी भाषांतरांवर त्यांची नजर फिरू लागली. शाळेत जाणारी मराठी पुस्तके त्यांच्या हाताखालून जात. अशा माणसाने १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली.

कँडींच्या मराठीवर पुढे टीका पुष्कळ झाली. त्यांची वाक्ये इंग्रजी वळणाची, त्यांनी देशी भाषेला परकी शिस्त लावली, असा आक्षेप होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण विरामचिन्हांच्या बाबतीत गंमत अशी की टीका करणाऱ्यांनीही ती टाकली नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली आणि ८४ अंकांपर्यंत चालली. तिच्यातली लांब, पल्लेदार, मध्येच उपहासाकडे वळणारी वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविरामावाचून उभी राहिली नसती. मराठी गद्य वेगाने वाढत होते आणि त्याला सांधे हवे होते.

अवतरणचिन्हांचे मूळ काम दुसऱ्याच्या तोंडचे शब्द दाखवण्याचे. पुस्तकांची नावे त्यांच्या आश्रयाला आली ती गरजेपोटी, आणि ही गरज निर्माण केली १८७० नंतरच्या पुण्याने. तोवर ग्रंथांची नावे सहज ओळखू येतील अशी असत. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या पुस्तकाचे नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. एवढे लांब नाव वाक्यात हरवणे कठीणच. पण आता लेखक रोजच्या बोलण्यातलेच शब्द उचलून नाव म्हणून लावू लागले.

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाले. “त्यांचा गुलामगिरीला विरोध होता” असे कुणी लिहिले तर तो माणूस सुधारक ठरतो. तेच “त्यांचा ‘गुलामगिरी’ला विरोध होता” असे लिहिले की तो जोतीरावांचा विरोधक ठरतो. दोन चिमुकल्या खुणांनी माणूस या गोटातून त्या गोटात जातो. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकरांना मुंबईत तुरुंगवास झाला. त्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिले, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. हे नाव उघडेच वाक्यात घेऊन पाहा: “आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस रंगवले आहेत.” तुरुंगात गेले आगरकर की हे वाक्य लिहिणारा? नावातला ‘आमचे’ कर्त्याकडेच ठेवायचा तर त्याला दोन्हीकडून बांधूनच घ्यावे लागते.

वर्तमानपत्रांनी तर अडचण रोजची केली. १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, १८९८ साली शिवराम महादेव परांजप्यांनी ‘काळ’. आता “सुधारकाने टिळकांवर टीका केली” म्हणजे कुणी? एखाद्या सुधारक गृहस्थाने की आगरकरांच्या पत्राने? “मराठ्यात आले आहे” आणि “काळात लिहिले आहे” या वाक्यांची तीच गत. एकमेकांची नावे घेऊन भांडणाऱ्या पत्रांच्या त्या दिवसांत नाव नेमके दाखवणे ही वादाचीच गरज होती.

‘पण लक्षात कोण घेतो?’ हे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव तर अख्खे वाक्यच आहे. ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली निघाले आणि त्यात ती क्रमशः आली. नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असल्यामुळे ते वाक्याच्या मधोमध आले की वाचणारा थांबतो, प्रश्न संपला असे समजतो आणि पुढचे शब्द अधांतरी राहतात. पुढे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने उद्गारचिन्हाची हीच पंचाईत करून ठेवली. नावातले विरामचिन्ह नावाचे, वाक्यातले वाक्याचे, हा हिशेब अवतरणचिन्हाशिवाय लागत नाही.

१९०८ सालचा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून झाला आणि त्यांना सहा वर्षे मंडालेला काढावी लागली. खुणा काढून हेच लिहा: “टिळकांवर खटला झाला तो देशाचे दुर्दैव…” वाचणाऱ्याला हा लिहिणाऱ्याचा उसासाच वाटेल. याच वाक्यात मराठीची एक उणीवही दिसते. इंग्रजीत पत्राचे नाव तिरपे आणि त्यातल्या लेखाचे नाव अवतरणात अशी दोन पायऱ्यांची उतरंड असते. मराठीत पत्र, त्यातला लेख, संग्रह, त्यातली कविता या सगळ्यांना एकच एकेरी चिन्ह. थोरले कोण आणि धाकटे कोण हे ‘तल्या’ या प्रत्ययावरूनच समजून घ्यायचे.

मग मराठी छापखान्यांनी तिरपी अक्षरे का आणली नाहीत? त्याचे उत्तर खिळ्यांच्या केसमध्ये आहे. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरी वळण पुढे देशभर नावाजले गेले. पण देवनागरीचा एक ठसा पुरा करायचा म्हणजे मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार मिळून शेकडो वेगवेगळे खिळे ओतायचे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम त्याच्या काही अंशांत भागते. डिग्री पद्धतीत तर मधले अक्षर एक खिळा, वरची मात्रा दुसरा, खालचा उकार तिसरा; जुळारी ते थरांनी बसवी. उभ्या अक्षरांत थर सरळ एकावर एक येतात. अक्षर तिरपे केले की वरचा थर उजवीकडे आणि खालचा डावीकडे सरकवावा लागणार आणि शिरोरेषा मात्र आडवीच राहणार. एवढा खटाटोप पुस्तकांच्या नावांसाठी कोण करील? छापखान्यात त्यापेक्षा ठळक ठसा होता, तो मथळ्यांना पुरत असे. मजकुरातल्या नावाला स्वल्पविरामाच्या घराण्यातली दोन चिन्हे वर चढवून लावणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होता. मराठीतला हा रिवाज असा छापखान्याच्या सोयीतून पडला आणि मुद्रितशोधकांनी तो प्रुफागणिक पक्का केला.

त्यांच्यापुढे मराठीने एक खास कोडे ठेवले होते, जे इंग्रजीला पडतच नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागताना नामाचे रूपच बदलते. प्याला, पण प्याल्यात. चाळ, पण चाळीत. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ वाक्यात घ्यायचे आहे. “‘एकच प्याल्या’त सुधाकर आहे” असे लिहावे तर व्याकरण सांभाळले जाते, पण ‘एकच प्याल्या’ नावाचे नाटक गडकऱ्यांनी लिहिलेले नाही. “‘एकच प्याला’त” लिहावे तर नाव शाबूत राहते, पण कानाला खटकते. “‘एकच प्याला’मध्ये” हा मधला मार्ग, शब्दयोगी अव्यय नावाला फारसा धक्का न देता शेजारी उभे राहते. आणि “‘एकच प्याला’ या नाटकात” हा पोथीच्या काळापासूनचा राजमार्ग. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ आणखी नडते, कारण तिथे प्रत्यय लागताच ‘बटाट्याची’चेही ‘बटाट्याच्या’ होते, म्हणजे नाव दोन ठिकाणी मोडते. बोलताना आपण बेधडक “बटाट्याच्या चाळीत” म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण लेखात, सूचीत, प्रबंधात मूळ नाव हाती लागायला हवे. मराठी ग्रंथांची प्रचंड सूची करणाऱ्या शंकर गणेश दात्यांच्या कामाचा विचार केला की हे पटते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४३ साली निघाला. सूचीत पुस्तक त्याच्या खऱ्या नावानेच सापडते, सामान्यरूपाने नाही.

नाटकांनी या गोंधळात आपली भर घातली. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. जरठ-कुमारी विवाहावरचे हे नाटक इतके गाजले की १९२९ साली हरबिलास सारडांच्या नावाचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, तेव्हा मराठीत तो ‘शारदा कायदा’ झाला आणि तो नाटकावरूनच आला असे मानणारे अजूनही भेटतात. पुण्यापुरते सर्वांत बोलके उदाहरण घाशीराम कोतवालाचे. माणूस घाशीराम सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. १८६३ साली मोरोबा कान्होबांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक निघाले. आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. “घाशीराम कोतवालावर पुण्यात गदारोळ झाला” हे वाक्य अठराव्या शतकाबद्दल खरे आहे आणि विसाव्याबद्दलही. कोणता गदारोळ हे सांगायला “‘घाशीराम कोतवाल’वर” असे लिहावे लागते.

आता नियमांकडे वळू. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ साली सरकारी मान्यता मिळाली. आधी चौदा नियम होते, १९७२ साली चार वाढले. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, रूपे यांची त्यांत व्यवस्था आहे. कलाकृतींच्या नावांना कोणते चिन्ह लावावे, हा त्यांचा विषय नाही. शाळेत आणि स्पर्धा परीक्षांत चालणाऱ्या मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’मध्ये अवतरणचिन्हांची वाटणी सांगितली आहे: बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी चिन्हांत, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. पुस्तकांची नावे या दुसऱ्या कलमाखाली येऊन बसली.

मात्र १९६२ च्या नियमांनी अवतरणचिन्हांना नकळत एक नवे काम दिले. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. मुखपृष्ठावर ‘ति’ ऱ्हस्व. नव्या नियमाने शेवटचा इकार दीर्घ झाला. म्हणून राजाबद्दल लिहिताना आज ‘ययाती’ लिहायचे आणि ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कादंबरीबद्दल लिहिताना ‘ययाति’. एकाच परिच्छेदात दोन्ही येतात आणि दोन्ही बरोबर असतात, कारण पुस्तकाचे नाव लेखकाने ठेवलेले असते. ते शुद्धलेखनाच्या नियमाने दुरुस्त करण्याचा अधिकार उद्धृत करणाऱ्याला नाही.

संगणक आला आणि खिळ्यांची अडचण एका झटक्यात संपली. बिबवेवाडीतल्या कोणत्याही डीटीपीच्या दुकानात एक बटण दाबले की देवनागरी कलते. पण ते बहुधा यंत्राने ढकललेले अक्षर असते. तिरप्या वळणासाठी मुद्दाम आखलेले नसते. काना मागच्या अक्षरावर रेलतो, वेलांटी पुढच्यात घुसते आणि बारीक ठशात रफार-अनुस्वार एकमेकांत मिसळतात. शिवाय मोबाईलवर पाठवताना तिरपेपणा वाटेतच गळतो, अवतरणचिन्हे टिकतात. दुसरीकडे फलकांवर आणि जाहिरातींत कुठल्याही शब्दाला दुहेरी चिन्हे लावण्याची टूम निघाली आहे. प्रत्येक शब्दालाच चिन्ह लागले तर नावाला लावलेल्या चिन्हाची किंमत राहत नाही.

तेव्हा माझे मत असे की, पुस्तक, नाटक, चित्रपट, पत्र, लेख, कविता, सगळ्यांना एकेरी अवतरणचिन्ह पुरे आहे आणि ते मराठीला शोभतेही. दुहेरी चिन्ह बोलण्यासाठी राखावे. प्रत्यय चिन्हाबाहेर लावावा. नाव मोडत असेल तर ‘या नाटकात’, ‘या कादंबरीने’ असे लिहायला कंटाळू नये. चार अक्षरे वाढतात, पण वाचणाऱ्याला नेमके नाव मिळते. तिरपी अक्षरे वापरायचीच असतील तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच वापरावीत, दोन्हींची सरमिसळ करू नये. आणि नाव लिहिण्यापूर्वी एकदा मुखपृष्ठ पाहावे, कारण ऱ्हस्व-दीर्घापासून प्रश्नचिन्हापर्यंत सगळे लेखकाने ठरवलेले असते आणि ते जसेच्या तसे उतरवणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे.